पवनचक्क्या, माळढोक आणि ‘पडीक’ जमीन

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्या शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात आणि तोवर पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर चकत्या लावाव्यात, असे त्यात म्हटले होते. याचिकाकर्ते होते एम. के. रणजितसिंह, म्हणजे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे प्रमुख शिल्पकार. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारची तीन खाती हा आदेश सौम्य करून घेण्यासाठी न्यायालयात गेली. ऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा ही खाती त्यात असणार, हे अपेक्षितच होते. तिसरे खाते पर्यावरणाचे होते.

गेल्या पन्नास वर्षांत आपण पर्यावरणाचे लढे ‘विकास विरुद्ध निसर्ग’ अशा चौकटीत पाहत आलो. या खटल्यात ती चौकट पुरी पडली नाही. एका बाजूला तापणारी पृथ्वी होती आणि दुसऱ्या बाजूला नामशेष होत चाललेला पक्षी. दोघांचे वकील पर्यावरणाच्याच नावाने बोलत होते. सूर्य, वारा, पाणी आणि पिके यांतून ऊर्जा मिळवण्याचे प्रयत्न जसजसे वाढत आहेत, तसतसे असे झगडे जागोजागी उभे राहत आहेत. त्यांतले काही खरोखर अटळ आहेत. मात्र बरेचसे आपल्या घाईने आणि चुकीच्या नकाशांनी ओढवून घेतलेले आहेत. या लेखात मुख्यतः ही वर्गवारी करायची आहे.

माळढोकाचे दुखणे आधी नीट समजून घ्यायला हवे. हा पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा पक्षी आहे, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते. तार दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते आणि इतक्या जड देहाला ऐन वेळी वळता येत नाही. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालते, त्यामुळे एकेका मृत्यूची भरपाई व्हायला वर्षे लागतात. थरच्या वाळवंटातली त्यांची संख्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार सव्वाशेच्या आसपास होती. याच संस्थेचा दुसरा अंदाज त्याहून अस्वस्थ करणारा आहे. थरच्या ४,२०० चौरस किलोमीटर टापूत वीजतारांमुळे दरवर्षी सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरतात.

आता दुसरी बाजू. भारतात सर्वांत तेजस्वी ऊन आणि सर्वांत स्वस्त जमीन एकत्र मिळते ती याच पट्ट्यात. फलोदीजवळचे भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे. २०२१च्या आदेशाची व्याप्ती जवळजवळ एक लाख चौरस किलोमीटर होती आणि एवढ्या प्रदेशात उच्च दाबाच्या तारा जमिनीखाली नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चाच्या दृष्टीने अशक्य आहे, असे सरकारचे म्हणणे होते. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ते मान्य करून आदेश बदलला आणि निर्णय तज्ज्ञ समितीवर सोपवला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४व्या आणि २१व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे, हे न्यायालयाने याच निकालात पहिल्यांदा स्पष्टपणे म्हटले. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या. राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचा प्राधान्य टापू ठरला. तेथे नव्या पवनचक्क्या येणार नाहीत आणि दोन मेगावॅटहून मोठे नवे सौर प्रकल्पही होणार नाहीत.

हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो आणि त्याचे कारण महाराष्ट्राच्या अनुभवात आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले. तालुकेच्या तालुके त्यात आले. शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींवर निर्बंध आले, पाखरापायी आपली जमीन अडकली ही भावना घराघरांत रुजली आणि अखेर हद्द १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावी लागली. तोवर माळाची शेते झाली होती, उसाचे मळे झाले होते. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही बातमी असते. कागदावर अवाढव्य हद्द आखून पक्षी वाचला नाही. नेमका टापू निवडून तो कसोशीने राखणे, हाच मार्ग उरतो. राजस्थानात तो पंचवीस वर्षे आधी धरला असता तर न्यायालयात जाण्याची वेळच आली नसती. आधी प्रकल्प, मग तारा, मग मृत पक्षी आणि शेवटी तज्ज्ञ समिती, असा तेथला उलटा क्रम आहे.

इथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी, कारण अशा उदाहरणांचा आधार घेऊन ‘बघा, हरित ऊर्जाही तितकीच घातक’ असे म्हणणारे बरेच भेटतात. ते खरे नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. त्याभोवतीच्या कोळसा खाणी, राखेचे तलाव, दूषित हवा आणि ताडोबाच्या वाघांच्या तुटलेल्या वाटा ज्याने पाहिल्या आहेत, तो पवनचक्कीला कोळशाच्या पंगतीत बसवणार नाही. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. २०२५च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा अशा स्रोतांचा झाल्याचे सरकारने जाहीर केले. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशाचीच असते. म्हणजे सौर आणि पवन ऊर्जा वाढायलाच हवी. ती कुठे वाढावी आणि कुणाला विचारून, हा प्रश्न आहे.

पवनचक्क्यांचा परिणाम म्हणजे पात्याखाली सापडलेले पक्षी, एवढाच आपला समज असतो. तो किती तोकडा आहे हे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराने दाखवून दिले. महाराष्ट्रात पवनऊर्जेची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांपैकी हे एक. शेजारी कोयनेचे जंगल आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेले माळ आणि नसलेले माळ यांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. घारी-ससाण्यांनी पाठ फिरवल्यावर खाली माळावरच्या सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्या रक्तातले तणावाचे संप्रेरक कमी झाले आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. पण गर्दी वाढल्याने वाट्याला येणारे अन्न घटले, अंगे रोडावली आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे झळझळीत रंगही फिकटले. आकाशात फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम सरड्याच्या गळ्यावरच्या रंगापर्यंत पोहोचला होता. कुठल्याही प्रकल्प अहवालात हा परिणाम नोंदला गेला नसता, कारण तो मोजायला मुळात कुणी सांगितलेलेच नव्हते.

याला काही उपाय आहेत. नॉर्वेत स्मेला बेटावर काही पवनचक्क्यांचे एक पाते काळे रंगवले, तेव्हा तेथील पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. प्रयोग मोजक्याच पवनचक्क्यांवरचा असल्याने त्यावर फार मोठा इमला रचू नये, पण असे प्रयोग सह्याद्रीच्या पठारांवर करायला कोण अडवते आहे? स्थलांतराच्या काळात ठरावीक तास चक्क्या बंद ठेवणे हाही जगात रुळलेला मार्ग आहे.

या सगळ्या वादांच्या मुळाशी एक सरकारी विशेषण आहे: ‘पडीक’. महसुली दप्तरांपासून केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशापर्यंत गवताळ माळ, काटवने आणि खडकाळ सडे या एकाच नावाखाली मोडतात. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती निरुपयोगी, ही इंग्रजी अमदानीतली दृष्टी आपण जशीच्या तशी पुढे चालवली. प्रत्यक्षात दख्खनचा माळ हजारो वर्षांचा आहे. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, धाविक, चंडोल यांचे तेच घर. धनगरांच्या मेंढ्यांचे पावसाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे मार्ग त्यावरूनच जातात. दाट झाडी नाही म्हणून तो उजाड समजायचा, ही नजर बदलल्याशिवाय एकही वाद सुटणार नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हा पेच आपल्या गावापर्यंत येतो. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या जवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे, अशी ही योजना आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, प्रकल्पांना दिल्या जातात. योजनेमागचा हेतू अतिशय चांगला आहे. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून अंधारात, सापा-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण गायरान हे गावातल्या भूमिहीनाचे शेवटचे शिवार असते. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि एक गुंठाही जमीन नाही, त्याला दिवसा मिळणाऱ्या विजेचा उपयोग काय? त्याची चराई गेली की शेळ्या विकाव्या लागतात. एकाला न्याय देताना दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो आणि ग्रामसभेत या दुसऱ्या माणसाचा आवाज बहुधा सर्वांत क्षीण असतो.

राजस्थानात हाच तंटा ओरणांवरून पेटला आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले चराऊ रान, आपल्याकडच्या देवराईचे वाळवंटातले रूप. जैसलमेरच्या देगराय ओरणासाठी तेथील गुराखी समाज वर्षानुवर्षे झगडतो आहे, कारण महसुली नोंदीत ही राने सरकारी पडीक ठरतात. बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली गेली तेव्हा बिष्णोई रस्त्यावर उतरले. १७३० मध्ये खेजडली गावात याच झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ जणांनी प्राण दिले होते. त्या समाजाला ‘हवामानासाठी झाडे तोडावी लागतात’ हे कोणत्या तोंडाने पटवून द्यायचे?

पाण्याच्या बाबतीत झगडा वेगळ्या प्रकारचा आहे. सौर पंपाने डिझेल वाचते, विजेचे बिल वाचते, धूर थांबतो. पण एकदा पंप बसला की उपसा फुकट होतो आणि विहीर-बोअरमधून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी ओढण्याला आळा राहत नाही. हवेतला कार्बन कमी करताना भूजल आटते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाने यावर एक तोडगा काढून दाखवला आहे. तेथे सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे आणि वापरून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकतात. वीज विकून पैसे मिळत असतील तर विनाकारण पाणी उपसण्याचा मोह आपोआप कमी होतो. सहकाराचा एवढा मोठा वारसा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग गावोगाव का झाला नाही, याचे उत्तर सहकारातल्या धुरिणांनी द्यायला हवे.

इथेनॉलबद्दल मात्र माझे मत कडक आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल तयार करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच नमूद आहे. ज्या मराठवाड्यात रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या उसाला ‘हरित इंधना’चा मुलामा देणे अन्यायाचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्याबरोबर केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणावे लागले. मग भार मक्यावर आला आणि मका निर्यात करणारा देश मका आयात करू लागला. ब्रिटनमध्ये ड्रॅक्सचे वीज केंद्र अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळून नवीकरणीय ऊर्जेचे अनुदान मिळवते, तोही याच पठडीतला प्रकार. पिके आणि जंगले जाळून हवामान सांभाळण्याचा हिशेब क्वचितच जुळतो.

सर्वांत अवघड प्रश्न सह्याद्रीचा आहे, आणि तो माझ्या मते खरोखर अटळ झगड्यांच्या वर्गात मोडतो. सूर्य मावळल्यावर वीज कुठून आणायची? बॅटऱ्यांना साथ म्हणून उदंचन जलविद्युत प्रकल्प हा त्यावरचा मोठा उपाय मानला जातो. दुपारची जादा सौर वीज वापरून खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची. त्यासाठी उंच कडा आणि भरपूर पाणी लागते. दोन्ही घाटमाथ्यावर आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. आता भिवपुरी, शिरवटा, पाटगाव अशी नावे पुढे आली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगाव राज्यात ‘मधाचे गाव’ म्हणून गौरवले गेले. तिथला मध आजूबाजूच्या सदाहरित रानातून येतो आणि त्याच परिसरात २,१०० मेगावॅटचा प्रकल्प प्रस्तावित आहे.

घाटातल्या विजेची किंमत कुणी मोजली, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. मुंबईला वीज मिळाली आणि मावळच्या भाताच्या खाचरांवर पाणी चढले. नव्वद वर्षांनी, २०११ मध्ये, माधव गाडगीळ समितीने भीमाशंकरजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाबद्दल लिहिले. शेकरूचे सदाहरित जंगल, चढावर बेफिकीरपणे कापलेले रस्ते, त्यातून सुटलेला राडारोडा ओढ्यांत आणि शेतांत, आणि स्वतःच्याच रानात जायला अडवले जाणारे गावकरी, असे त्याचे चित्र समितीने रेखाटले आहे. पवनचक्कीने तिथे जे नुकसान केले त्यातला मोठा भाग रस्त्यांचा होता आणि ते टाळता येण्याजोगे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणून उदंचन प्रकल्प सरसकट नाकारता येणार नाहीत. त्यांच्याविना सौर ऊर्जेची रात्रीची अडचण दूर होणे कठीण आहे. पण आधीच्या धरणांच्या जलाशयांवर, उघड्याबोडक्या डोंगरांवर आणि नदीच्या प्रवाहाबाहेर ते करता येतील तिथे आधी करावेत. अस्पर्श जंगल शेवटच्या क्रमांकावर ठेवावे. आज क्रम लावला जातो तो गुंतवणूकदाराने कोणती जागा मागितली यावरून.

जमीन नको तर पाण्यावर पॅनेल तरंगवा, असा सल्ला हल्ली मिळतो. जायकवाडीत तोही वादात सापडला. तेथील जलाशय, म्हणजे नाथसागर, हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा पैठणच्या कहार समाजाच्या पंच कमिटीने हरित न्यायाधिकरणात दाद मागितली, कारण जलाशय झाकला तर मासेमारी कुठे करायची हा त्यांचा प्रश्न होता. २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. पॅनेलखाली बाष्पीभवन घटते आणि मराठवाड्यात वाचलेला प्रत्येक थेंब मोलाचा आहे, हेही खोटे नाही. वीज, पाणी, रोहित पक्षी आणि कहारांची चूल, चारही दावे खरे आहेत. अशा वेळी जलाशयाचा किती भाग झाकायचा, कोणते काठ पक्ष्यांना आणि कोणते जाळ्यांना सोडायचे, हे बसून ठरवता आले असते.

नॉर्वेसारख्या श्रीमंत, कायद्याने चालणाऱ्या देशातही हे आपोआप होत नाही. फोसेन येथील पवनचक्क्यांमुळे सामी लोकांच्या रेनडियर पालनाच्या हक्कावर घाला आला, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. तोवर चक्क्या उभ्या राहून फिरू लागल्या होत्या. त्या हटल्या नाहीत, वाटाघाटी सुरू झाल्या.

आपल्याकडे ही वेळ वारंवार येण्याचे कारण कायद्यात दडले आहे. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही आणि सौर विद्युत प्रकल्पांनाही त्यातून सूट आहे. जागा वनजमीन असेल तर निदान वनखात्याची परवानगी लागते. माळरान बहुधा वनजमीन नसते. म्हणजे हजारो एकरांचा सौर प्रकल्प माळावर आला तर जनसुनावणी नाही, वन्यजीवांची पाहणी नाही, शेजारच्या दहा प्रकल्पांचा एकत्रित परिणाम पाहणे तर दूरच. ही सूट देताना हेतू बरा होता, स्वच्छ ऊर्जेला लाल फितीचा काच नको म्हणून. पण तिचा भुर्दंड माळाला, मेंढपाळाला आणि शेवटी खुद्द प्रकल्पांनाही पडतो आहे. राजस्थानात वर्षानुवर्षे लांबलेला खटला हा त्याचा पुरावा आहे. आधी दोन हंगामांची पाहणी केली असती तर गुंतवणूकदारांची ती सगळी वर्षे वाचली असती.

एका मर्यादेपलीकडच्या प्रत्येक सौर व पवन प्रकल्पाला मूल्यांकन आणि जनसुनावणी सक्तीची करावी, माळरानांना ‘पडीक’च्या यादीतून काढून स्वतंत्र परिसंस्था म्हणून नकाशावर आणावे, आणि घरांची, गोदामांची, बाजार समित्यांची छपरे भरण्याला मोकळ्या माळांपेक्षा जास्त अनुदान द्यावे. या तीन गोष्टींना नवे तंत्रज्ञान लागत नाही. दरम्यान तुमच्या ग्रामसभेपुढे गायरान देण्याचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी तिथे कुणाची गुरे चरतात, कोणत्या महिन्यात मेंढ्या येतात आणि लांडग्याची बिळे कुठे आहेत, हे विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे कोणी अभ्यासाला किंवा न्यायालयात उभे राहील तेव्हा त्या जागेबद्दलचा तोच एकमेव लेखी पुरावा असेल.